इंधन उसनं मिळत नाही

१८ जुलै १९८० रोजी सकाळी आठ वाजून तीन मिनिटांनी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ हे रॉकेट उडालं आणि थोड्याच मिनिटांत ३५ किलोचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. स्वतःचा उपग्रह स्वतःच्या रॉकेटने, स्वतःच्या भूमीवरून सोडणाऱ्या मोजक्या देशांच्या पंगतीत भारत त्या सकाळी बसला. ही हकीकत सांगताना पहिलं नाव डॉ. अब्दुल कलामांचं येतं, आणि ते येणं योग्यच आहे. प्रकल्पाचे संचालक तेच होते, अपयशाचा मार त्यांनीच आधी खाल्ला होता.

पण त्या रॉकेटच्या वजनाचा हिशेब मांडून बघा. उड्डाणाच्या वेळी ते सुमारे १७ टन भरत होतं आणि त्यातले जवळपास १३ टन निव्वळ इंधन होतं. उपग्रहाच्या एकेका किलोमागे ४८५ किलोचं रॉकेट! म्हणजे आपण ज्याला रॉकेट म्हणतो ते मुख्यतः इंधनच. बाकी सगळी त्याची व्यवस्था. आणि हे इंधन भारतात तयार व्हावं म्हणून ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्यांच्यात अग्रभागी होते पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर.

मी धामणगाव बढे इथे राहून हे लिहितो आहे. आमच्या मोताळा तालुक्यातल्या शाळांत विज्ञान दिनाला पुठ्ठ्याची रॉकेटं होतात, मुलं चांद्रयानाचे तक्ते मन लावून रंगवतात. त्यांना कलाम ठाऊक असतात, साराभाई ठाऊक असतात. गोवारीकर, एकनाथ चिटणीस, प्रमोद काळे ही नावं त्यांच्यापर्यंत पोचलेली नसतात. वालचंदनगरला ऊस आणि साखर सोडून आणखी काही होत असेल, हेही त्यांना ठाऊक नसतं. या पोरांसाठी, आणि त्यांच्या मास्तरांसाठी, ही गोष्ट जरा दुसऱ्या टोकाकडून सांगावीशी वाटते.

तिची सुरुवात १९६२ सालची. डॉ. विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली गेली. अणुऊर्जा विभागाच्या आश्रयाने, डॉ. होमी भाभांच्या पाठबळाने ती उभी राहिली. तिचे सदस्य-सचिव होते एकनाथ वसंत चिटणीस, कोल्हापूरचे, जन्म १९२५ चा. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ते वैश्विक किरणांवर काम करत. समिती कागदावर आली तेव्हा देशात ना रॉकेट होतं, ना ते सोडायला जागा, ना ते बांधणारी माणसं. सगळं शोधून आणायचं होतं आणि या शोधाशोधीतला मोठा वाटा चिटणीसांच्या अंगावर पडला.

जागा ठरली केरळात, तिरुवनंतपुरमजवळ थुंबा इथे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त त्या किनाऱ्यावरून जातं. तिथे शंभरेक किलोमीटर उंचीवर विजेचा एक जोरदार प्रवाह आकाशात वाहत असतो. फुग्याला ती उंची गाठता येत नाही आणि उपग्रह त्याहून बराच वर फिरतो, तेव्हा अभ्यासाला रॉकेटच लागतं. थुंब्याला कोळ्यांची वस्ती होती आणि सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या माणसांना समजावलं, वस्तीने जागा सोडली. चर्चमध्ये कार्यालय थाटलं गेलं आणि रॉकेटची जुळणीही तिथेच होऊ लागली. एखाद्या गावाने देशाला काही द्यावं आणि त्याची फार कुणी आठवण ठेवू नये, असं आपल्याकडे वारंवार घडतं. थुंब्याच्या कोळ्यांचं नाव म्हणून या लेखात तरी आधी घेतो.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेचं, नायके-अपाची. त्यात ठेवलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग मावळत्या उजेडात दूरवरून दिसला. त्याआधी काही तरुण अभियंत्यांना अमेरिकेत नासाकडे प्रशिक्षणाला पाठवलं होतं. त्यांत कलाम होते, आर. अरवमुदन होते आणि पुण्यात जन्मलेले बावीस वर्षांचे प्रमोद काळेही होते. हेच काळे पुढे एसएलव्हीपेक्षा उपग्रहांच्या बाजूला अधिक रमले, इन्सॅटच्या उभारणीत राबले आणि १९९४ साली विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले.

संध्याकाळचा तो ढग पाहून लोक हरखले असतील, पण रॉकेट उसनं होतं. अमेरिकेने दिलं, फ्रान्सने उपकरणं दिली, रशियाने हेलिकॉप्टर आणि संगणक दिला. अशी मदत मिळाली, कारण ती वर जाऊन खाली पडणारी रॉकेटं होती. वातावरणाची तपासणी करायची आणि समुद्रात पडायचं, एवढंच त्यांचं काम. उपग्रह कक्षेत नेणं ही निराळी बाब आहे. त्यासाठी सेकंदाला जवळपास आठ किलोमीटरचा वेग द्यावा लागतो, आणि जे यंत्र एवढा वेग देतं ते अण्वस्त्र दुसऱ्या खंडात नेऊन टाकू शकतं. अशी वस्तू शेजारी शेजाऱ्याला देत नाही. साराभाईंनी हे फार आधी ओळखलं होतं. म्हणूनच १९६४ मध्ये फ्रान्सच्या सूद एव्हिएशनकडून सेंटोर रॉकेट बनवण्याचा परवाना घेतला तो शिकण्यापुरता. इंधन कसं मिसळतात, साच्यात कसं ओततात, तपासतात कसं, हा पाठ तिथे मिळाला. २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून आरएच-७५ हे पहिलं देशी रॉकेट उडालं. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर, म्हणजे हाताची बोटं पसरली की मावेल इतका. तेवढ्यावरून उपग्रहापर्यंत जायचं होतं.

त्याच वर्षी गोवारीकर थुंब्याला आले.

त्यांचा जन्म २५ मार्च १९३३ चा. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक गार्नर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. घन आणि प्रवाही पदार्थांमधल्या उष्णतेच्या आणि वस्तुमानाच्या देवाणघेवाणीवरचं त्यांचं काम दोघांच्या जोडनावाने ओळखलं जातं. त्यानंतर हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि मग समरफील्ड इथे, जिथे ब्रिटनच्या रॉकेट मोटरी बनत होत्या, त्यांनी काम केलं. नोकरी चांगली, बस्तान बसलेलं. साराभाई परदेशातली अशी माणसं हेरत, त्यांना गाठत आणि परत चला म्हणत. काय देणार, तर समुद्रकाठची वाळू आणि पूर्ण मोकळीक. गोवारीकर आले.

साराभाईंची एक पद्धत होती, तिच्याबद्दल मतभेद असू शकतात. एकाच कामावर ते दोन-दोन गट लावत. इंधनावर गोवारीकरांचा एक गट, प्रणोदनात डॉ. मुथुनायगम यांचा दुसरा, शिवाय सेंटोरच्या इंधनाच्या कारखान्यात तिसरी मंडळी. या चढाओढीने घर्षणही झालं असणार. पण नवखेपणाच्या त्या काळात एकच वाट धरून ती बंद निघाली असती तर सगळंच बसलं असतं, त्यामुळे मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. उपग्रह प्रक्षेपकाच्या चार टप्प्यांची आखणी साराभाईंनी चौघांत वाटली, तीही याच धोरणाने: पहिला टप्पा गोवारीकर, दुसरा एम. आर. कुरूप, तिसरा मुथुनायगम, चौथा कलाम.

आता पहिल्या टप्प्यात भरायचं काय, ते जवळून बघू. घन इंधनात तीन मुख्य गोष्टी असतात. अमोनियम परक्लोरेट हे पांढरं स्फटिकासारखं मीठ. जळायला लागणारा ऑक्सिजन ते पुरवतं, कारण वर हवा नसते. ऍल्युमिनियमची बारीक भुकटी. ती प्रचंड उष्णता देते. आणि या दोहोंना धरून ठेवणारा रबरासारखा बहुवारिक पदार्थ. तिळाच्या लाडवात गूळ नुसता तीळ धरून ठेवत नाही, स्वतःही खाल्ला जातो. तसाच हा बंधक पदार्थ मिश्रण धरतो आणि स्वतःही जळतो. इंधन चांगलं की वाईट हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. फार कडक झाला तर इंधनाला तडा जातो, फार मऊ राहिला तर ते स्वतःच्या वजनाने खचतं.

परक्लोरेट दळायचं, तेही एकाच जाडीचं नाही. जाड कण आणि बारीक कण ठरावीक प्रमाणात, म्हणजे मधल्या फटी भरून निघतात. ते ओल धरतं आणि थुंब्याची हवा किनाऱ्याची, दमट. मग बंद खोलीत मोठ्या मिश्रणयंत्रात सगळं एकजीव करायचं. त्या वेळी माणसं भिंतीआड, लांब असतात, यंत्र दुरूनच चालवतात, कारण ठिणगी पडली तर भिंतही शिल्लक राहणार नाही. दाट झालेला तो लगदा पोलादी आवरणात ओतायचा. मधोमध चांदणीच्या आकाराचा दांडा उभा असतो. सगळं मिश्रण हवा काढून ओततात, बुडबुडा राहू नये म्हणून. नंतर कित्येक दिवस ते ठरावीक उष्णतेत ठेवायचं, की रबरासारखं घट्ट होतं. मग दांडा ओढून काढला की आत आरपार चांदणीची पोकळी राहते आणि इंधन त्या पोकळीतून बाहेरच्या बाजूला जळत जातं. चांदणी कशासाठी? जळणारा पृष्ठभाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखा राहावा, जोर एकदम वाढू-घटू नये, यासाठी. शेवटी क्ष-किरणांनी आतून तपासणी. एखादी भेग किंवा पोकळी सापडली तर तो तुकडा बाद. कारण भेग म्हणजे जास्तीचा जळणारा पृष्ठभाग, पृष्ठभाग वाढला की दाब वाढतो, आणि दाब आवरणाला झेपला नाही की रॉकेट हवेत फुटतं.

घन इंधनाला मध्येच बंद करता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. एकदा पेटवलं की जे ओतून ठेवलंय तेच. म्हणून सगळा भरवसा ओतणाऱ्यांच्या हातावर. या कामात नाव होत नाही, त्याची छायाचित्रं छापून येत नाहीत. दिवसेंदिवस तीच तपासणी, तीच नोंद.

हे रसायन जगात नवीन नव्हतं. अमेरिकेच्या मोठ्या घन-इंधन रॉकेटांत पॉलिब्युटाडाइन जातीचे बंधक वापरात होते. त्यांची नावं पुस्तकांत सापडत. पण नाव ठाऊक असणं आणि टनावारी माल एकाच गुणाचा काढणं यात फार अंतर आहे. गोवारीकरांच्या गटाने पीबीएएन हा बंधक घेऊन एसएलव्ही-३ च्या पहिल्या दोन टप्प्यांचं इंधन बसवलं. पुढे त्याहून सरस असा एचटीपीबी थुंब्यातच विकसित झाला आणि त्याचं औद्योगिक उत्पादन मुंबईच्या नोसिल कंपनीकडे सोपवलं गेलं. एका बंधकाची हकीकत तर शेतकऱ्याला आवर्जून सांगण्यासारखी आहे. एरंडीच्या तेलापासून थुंब्यात ‘इस्रो पॉलिऑल’ बनवलं गेलं. आमच्याकडे कपाशीच्या बांधावर जी एरंडी उभी असते, तीच. बाहेरून काय मिळणार नाही याची यादी करण्यापेक्षा आपल्या मातीत काय आहे ते बघायचं, ही गोवारीकरांच्या कामाची खरी खूण मला वाटते.

इंधन ओतायला आवरण हवं. पहिल्या टप्प्याचं आवरण एक मीटर व्यासाचं, सुमारे दहा मीटर लांब, खास मिश्र पोलादाचं आणि तीन भागांत जोडायचं. भिंत पातळ ठेवायची, कारण प्रत्येक वाढीव किलो उपग्रहाच्या वाट्यातून जातो. पण आतला दाब आणि आग तर सोसायची. जोडकाम एका जागी जरी कच्चं राहिलं तरी सगळं फुकट. असं काम करणारे कारखाने देशात बोटावर मोजण्याइतके होते. त्यांतला एक निघाला पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना काढला. साखरेची यंत्रं करता करता तिथे अवजड यंत्रसामग्रीचा मोठा कारखाना उभा राहिला. १९७३ पासून वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोच्या कामात आली आणि रॉकेटच्या मोटरींची आवरणं तिथे घडू लागली. पुढे पीएसएलव्ही या नंतरच्या मोठ्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे भागही तिथे झाले. उसाच्या पट्ट्यातला वेल्डर आणि खराडी अवकाशाचं काम करतो, ही गोष्ट मराठी मुलांना पाठ्यपुस्तकातून का कळू नये?

मधल्या काळात सोडण्याच्या जागेचा प्रश्न होता. उपग्रह पूर्वेकडे सोडला की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोटाच्या अक्षांशावर तो सेकंदाला साडेचारशे मीटरच्या घरात आहे. छोट्या रॉकेटला ही देणगी मोठी. थुंब्याहून पूर्वेकडे सोडलं तर ते माणसांच्या वस्तीवरून जाणार, म्हणून पूर्व किनाराच हवा. साराभाईंनी हे काम पुन्हा चिटणीसांना सांगितलं. १९६८ मध्ये त्यांनी किनारा धुंडाळला आणि मद्रासच्या उत्तरेला, पुलिकत सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या श्रीहरिकोटा बेटावर बोट ठेवलं. तिथे निलगिरी आणि सुरूची झाडी होती, यानादी आदिवासी राहत होते. सुमारे चाळीस हजार एकर जमीन घेतली गेली. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथून पहिलं छोटं रॉकेट उडालं.

आणि ३० डिसेंबर १९७१ ला साराभाई गेले. कोवलमला, झोपेत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. भाभा १९६६ मध्येच विमान अपघातात गेले होते. ज्याच्या शब्दावर माणसं नोकऱ्या सोडून आली तो माणूसच गेला आणि प्रक्षेपक अजून कागदावर होता. साराभाईंच्या दशकाच्या आराखड्यात तो १९७४ पर्यंत उडायचा होता. ते वर्ष आलं आणि गेलं. या उशिरावर तेव्हा टीकाही झाली. माझ्या मते तो उशीर अटळ होता. संस्था नव्याने बसवायची होती आणि ते प्रा. सतीश धवन यांनी केलं. १९७२ मध्ये त्यांनी इस्रोची सूत्रं घेतली. साराभाईंनी मोकळे सोडलेले गट एका शिस्तीत आणले, डॉ. ब्रह्मप्रकाश यांना थुंब्याच्या केंद्राचे संचालक केलं आणि कलामांना एसएलव्ही-३ चा प्रकल्प सोपवला. आधी चार टप्प्यांचे चार धनी होते. आता रॉकेट एक आणि त्याला जबाबदार माणूसही एक. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरून वस्तू मिळणं आणखी अवघड झालं. जे घरी करता येत होतं त्याची किंमत तेव्हा कळली. श्रीहरिकोटाला घन इंधनाचा मोठा कारखाना १९७७ मध्ये सुरू झाला.

१० ऑगस्ट १९७९. सकाळी ७ वाजून ५८ मिनिटं. पहिला टप्पा पेटला आणि व्यवस्थित चालला. कलामांनी नंतर अनेक भाषणांतून सांगितलं आहे की उलटमोजणीच्या अखेरीला संगणकाने उड्डाण थांबवलं होतं. नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. हाताशी असलेल्या तज्ज्ञांचं मत पडलं की साठा पुरेसा आहे. त्यावर विसंबून कलामांनी संगणकाला डावललं. दुसऱ्या टप्प्यात रॉकेट दिशा सोडू लागलं. त्या टप्प्याला वळवणाऱ्या यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल, झडप नीट मिटली नाही म्हणून, आधीच वाहून गेलं होतं. ३१७ सेकंदांनी सगळं संपलं. श्रीहरिकोटापासून ५६० किलोमीटरवर रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं.

नंतरच्या पत्रकार परिषदेला धवन स्वतः सामोरे गेले. अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं आणि माझी माणसं वर्षभरात करून दाखवतील असा विश्वास व्यक्त केला. पुढच्या वर्षी यश आलं तेव्हा त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवलं. ही आठवण आता फार वेळा सांगितली जाते. ती सांगताना एक बाब सुटते: त्या अपघातात इंधनाने दगा दिला नव्हता. इतकी वर्षं ज्याची धास्ती होती, ते ओतलेलं इंधन पहिल्याच खऱ्या परीक्षेत हुकमी जळलं. बिघडलं ते झडपेचं काम. म्हणून तर वर्षाच्या आत दुरुस्ती करून पुन्हा उभं राहता आलं. मुळात मोटरच फसली असती तर अकरा महिन्यांत परत उडणं कठीण होतं.

इतरांचे दाखलेही डोळ्यांपुढे ठेवायला हवेत. अमेरिकेचं व्हॅनगार्ड डिसेंबर १९५७ मध्ये साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत तळावरच कोसळून पेटलं. जपानचं लॅम्बडा चार वेळा फसलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये कुठे यश आलं. ब्रिटनची गत तर चमत्कारिक. ज्या देशात गोवारीकर रॉकेटचं काम शिकले, त्याने ऑक्टोबर १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आपल्या रॉकेटने आपला उपग्रह सोडला; पण कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय सरकारने त्याच्या तीन महिने आधीच जाहीर केला होता. त्यानंतर ब्रिटनने स्वतःचा असा प्रक्षेपक केला नाही. पैसा, कारखाने, विद्यापीठं सगळं असताना त्यांनी सोडून दिलं आणि ज्यांच्याकडे चर्चमधलं कार्यालय होतं त्यांनी धरून ठेवलं. कौशल्य टिकवायचं तर काम चालू ठेवावं लागतं. आज दुकान बंद केलं आणि दहा वर्षांनी उघडलं, तर कारागीर जाग्यावर नसतात.

ब्रह्मप्रकाशांनंतर १९७९ मध्येच गोवारीकर थुंब्याच्या केंद्राचे संचालक झाले होते. त्यामुळे १८ जुलै १९८० ची ती सकाळ आली तेव्हा रॉकेट बांधणारी सगळी संस्था त्यांच्या हाताखाली होती. चारही टप्पे पेटले, चारही जळले आणि रोहिणी कक्षेत गेला. ‘इंधन’ हा शब्द दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत शोधून सापडला नसता. पण ३५ किलोला आकाशात ठेवलं ते त्यानेच.

पुढचं थोडक्यात. ३१ मे १९८१ चं तिसरं उड्डाण अर्धवट यशस्वी ठरलं; उपग्रह हव्या त्या उंचीवर गेला नाही आणि नऊ दिवसांत खाली आला. १७ एप्रिल १९८३ ला चौथं आणि शेवटचं उड्डाण चांगलं झालं. कलाम तोवर संरक्षण संशोधनाकडे गेले होते आणि एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याची मोटर १९८९ मध्ये अग्नी क्षेपणास्त्राच्या पायाशी आली. शांततेसाठी केलेली वस्तू शस्त्रात गेली, हे लपवण्यासारखं नाही आणि लपवूही नये. प्रक्षेपक आणि क्षेपणास्त्र यांचं नातं पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ते कुणी कुणाला देत नव्हतं. पाठोपाठच्या एएसएलव्ही या रॉकेटची पहिली दोन उड्डाणं, १९८७ आणि १९८८ ची, फसली. तरीही ऑक्टोबर १९८९ मध्ये पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची जमिनीवर चाचणी झाली तेव्हा ती जगातल्या मोठ्या घन-इंधन मोटरींपैकी एक होती. ७५ मिलिमीटरपासून २.८ मीटरपर्यंतचं हे अंतर बावीस वर्षांत कापलं गेलं. पीएसएलव्ही १९९४ पासून आपले आणि इतर देशांचेही उपग्रह नेत आलं आहे.

गोवारीकर १९८५ पर्यंत थुंब्याला होते. तिथून ते दिल्लीला विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले आणि इथे त्यांचा आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखाशी थेट संबंध आला. १९८७ चा दुष्काळ शेतकरी विसरलेले नाहीत. १९८८ साली गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेलं मान्सूनचं प्रारूप आणलं. समुद्राचं तापमान, हिमालयातला बर्फ, वाऱ्यांच्या दिशा, दूरच्या दाबांचे आकडे असं सगळं त्यात होतं. त्या वर्षी पाऊस चांगला येणार असा अंदाज निघाला आणि पाऊस खरोखरच चांगला झाला. पुढची बरीच वर्षं सरकारी अंदाज याच प्रारूपावर निघत. २००२ च्या दुष्काळाने त्याला हरवलं आणि दुसऱ्या वर्षी हवामान खात्याने नवं प्रारूप घेतलं. म्हणून त्याला कमी लेखू नये. मृग कोरडा गेला की धामणगाव बढ्याच्या बाजारात माणसं कपाशीचं बी घ्यावं की थांबावं, या एकाच विचारात असतात. ज्याने रॉकेटमधलं इंधन कधी आणि किती जळेल याचा हिशेब आयुष्यभर केला, त्याने तीच शिस्त पावसाच्या हिशेबाला लावून पाहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे त्यांनी खतांचा इंग्रजी कोशही केला. पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, पद्मश्री, पद्मभूषण, सगळं झालं. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात ते गेले. चिटणीस शंभरी गाठून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातच गेले.

आमच्या भागातल्या शिक्षकांना एकच विनंती आहे. विज्ञान दिनाला पुठ्ठ्याचं रॉकेट करणाऱ्या मुलांना या वर्षी त्याच्या आतला चांदणीचा आकार कापून दाखवा आणि तो तसा का असतो ते त्यांनाच शोधायला लावा. आणि तक्त्यावर कलामांच्या चित्राशेजारी वसंत गोवारीकरांचं चित्र लावा.